आहेराचा पटका

आमचे दाजी, रावसाहेब रुद्रप्पा, यांनी सोलापुरावर पन्नासएक दिवस राज्य केलं. राज्य तसं गोऱ्या मेजरसाहेबाचंच होतं, पण साहेबाच्या टेबलाच्या डाव्या अंगाला एक बाकडं मांडलेलं असे आणि त्यावर दाजी बसत. शहरात त्यांना 'टोपीखात्याचे दिवाण' म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले. दाजींना तो मान वाटला, म्हणून त्यांनी कुणाला कधी अडवलं नाही.

मी त्यांचा मेहुणा, संगप्पा. त्यांच्या बायकोचा, म्हणजे शरणम्माअक्काचा, धाकटा भाऊ. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलो, तेव्हा अक्कानं मला मंगळवार पेठेतल्या त्यांच्या कापडदुकानात चिकटवून दिलं. आता दाजी गेले आणि दुकान माझं आहे. आयत्या बिळावरचा नागोबा कसा दिसतो हे ज्याला पाहायचं असेल, त्यानं खुशाल दुकानात यावं. गादीवर बसलेला असतो.

दाजींचं थोडं सांगतो. त्यांच्या वडिलांनी खांद्यावर गठ्ठा टाकून मोडनिंब, वेळापूरचे बाजार केले आणि पेठेत दुकान थाटलं. दाजींना शाळा जमली नाही, पण कापड असं जमलं की बोलायची सोय नाही. एकदा विकलेला कपडा ते जन्मात विसरत नसत. रस्त्यानं समोरून माणूस आला, तर इतर लोक त्याचं तोंड बघतात. दाजी धोतराचा काठ बघत आणि म्हणत, "हे बिरप्पा हाय. धाकटीच्या लग्नात घेतलेलं न्हवं का हे." आणि तो खरंच बिरप्पा निघे. दाजींना माणसाचा चेहरा कधी नीट पाहावाच लागला नाही.

तीस सालच्या मे महिन्यात गांधीजींना धरलं आणि सोलापूर पेटलं. तीन-चार दिवस शहरात पोलीस औषधालासुद्धा नव्हता. मग पलटण आली, मार्शल लॉ लागला आणि झेंडा व पांढरी टोपी हे दोन मोठे गुन्हे ठरले. एका बाजूला मशीनगन आणि दुसऱ्या बाजूला हातभर खादी, अशी ती लढाई होती. साहेबाला सल्ला द्यायला शहरातली 'वजनदार' माणसं हवी होती. जी खरी वजनदार होती ती तुरुंगात होती, नाहीतर आजारी पडली होती. दाजींची तब्येत त्या महिन्यात फार चांगली होती.

एप्रिलभर आमच्या दुकानानं पांढऱ्या टोप्या विकल्या होत्या. मे महिन्यात आम्ही काळ्या विकू लागलो. दाजींच्या मते यात विसंगती काहीच नव्हती. गिऱ्हाईकाचं डोकं उघडं राहू नये, हा व्यापाऱ्याचा धर्म.

पांढऱ्या टोपीचा हुकूम निघाला आणि साहेबाची पंचाईत झाली. पांढरी म्हणजे नेमकी कोणती? म्हाताऱ्यांच्या जुन्या टोप्या होत्या, आचाऱ्यांच्या होत्या, मुसलमानांच्या गोल होत्या. इथं दाजींच्या राज्यकारभाराला खरा रंग चढला. त्यांनी साहेबाला सल्ला दिला की मळलेली टोपी पांढरी धरू नये. दुसऱ्या दिवसापासून सोलापुरातल्या निम्म्या लोकांनी टोप्या धुणं बंद केलं. मग दाजींनी दुरुस्ती सुचवली की मूळची पांढरी असून जाणूनबुजून मळवलेली टोपी पांढरीच समजावी. ती जाणूनबुजून मळवली की कष्टानं मळली, हे ठरवायला अर्थातच दाजी. सकाळी आठ ते दहा साहेबाच्या बंगल्याच्या फाटकाशी उभे राहून ते लोकांच्या टोप्यांचा वास घेत.

या सगळ्या कारभारात मी दुभाष्या. साहेबाला हिंदुस्तानी येत होतं, पण खानसाम्याला शिव्या देण्यापुरतं. दाजी अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलत. सरकारी मुन्शीला ते उमगेना, म्हणून दाजींनी मला सोबत नेलं. मॅट्रिकच्या परीक्षकांना माझं जे इंग्रजी पसंत पडलं नाही, ते मेजरसाहेबाला पुष्कळ झालं.

आणि आता माझा पराक्रम. मार्शल लॉ लागून आठवडा झाला असेल. सरकारकडे दुभाष्या म्हणून बसायचं, दाजींच्या घरचं जेवायचं आणि दोस्तांत बसून देशाच्या गप्पा मारायच्या, असं माझं चाललं होतं. एका दोस्तानं सगळ्यांसमोर विचारलं, "संगाप्पा, तू नक्की कुणाचा हैस रं?" मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सोलापूरच्या उन्हात कुत्रीसुद्धा गटारात पडलेली असताना, मी तोंडाला उपरणं गुंडाळून पेठेतल्या चावडीच्या कौलांवर चढलो आणि दुकानातल्याच कापडाचा तिरंगा बांबूला बांधला. खाली शिट्टी वाजली. मी मागच्या भिंतीवर उडी टाकली आणि बोळातून पळालो. डोक्याचा पटका मात्र कौलाच्या खिळ्याला अडकून वरच राहिला.

तो पटका साधा नव्हता. मोतिया रंग, डाळिंबी काठ आणि काठात एक हिरवी रेघ. साखरपेठेतल्या विणकराच्या मागावर ती रेघ एका जागी वीतभर तुटली होती. तसला पटका शहरात एकच.

तिसऱ्या दिवशी साहेबानं तो टेबलावर टाकला आणि मला म्हणाला, "विचार तुझ्या रावसाहेबांना, हा कुणाचा." तेव्हा दाजी रावसाहेब झाले नव्हते. साहेब त्यांना लाडानं तसं म्हणे, कारण सरकारी किताबांच्या जूनच्या यादीसाठी त्यानं त्यांचं नाव वर धाडलं होतं. दाजींनी काठ बोटांत धरला, तुटलेली रेघ चाचपली आणि प्रसन्न हसले.

"ह्यो तर चन्नवीरचा," दाजी म्हणाले. "त्याच्या थोरलीच्या लग्नात मीच आहेर केलेला."

चन्नवीरअण्णा समोरच्या बोळातला भुसारवाला. आमचा लांबचा सोयरा, एकाच मठाचा. पन्नाशीचा माणूस, उजवा गुडघा दहा वर्षांपूर्वीच गेलेला. दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना "हर हर" म्हणून तिथंच बसायचा. तो माणूस चावडीच्या कौलांवर चढला, असं आमच्या दिवाणांचं म्हणणं होतं. त्यांनी माणूस पाहिलाच नव्हता, पटका पाहिला होता.

दाजींचं म्हणणं तरी खोटं कुठं होतं? आहेर त्यांनी चन्नवीरलाच केला होता. पण आहेराचं कापड कुणाच्या घरी मुक्कामाला राहतं का? ते घडी न मोडता या घरातून त्या घरात फिरत असतं आणि तो सगळा कारभार बायकांचा. आमच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा चन्नवीरच्या बायकोनं, गिरिजाबाईनं, तोच पटका आमच्याकडं आहेर म्हणून आणला. अक्कानं तुटकी रेघ ओळखली, पोट धरून हसली आणि पाडव्याला माझ्या डोक्याला बांधला. दाजींनी आहेराच्या ट्रंकेत उभ्या जन्मात डोकावलं नव्हतं. ज्याला सोलापुरातला प्रत्येक कपडा ठाऊक, त्याला स्वतःच्या घरातलं कापड ठाऊक नव्हतं. महिनाभर तो पटका बांधून मी दुकानात त्यांच्यासमोर बसलो होतो; साहेबाकडे जातानाच काय ती काळी टोपी घाले. पण घरच्या माणसाच्या डोक्याकडे कोण बघतं?

साहेब माझ्याकडे पाहत होता. मी काहीही सांगू शकलो असतो. 'यांना ओळखता येत नाही' एवढं म्हटलं असतं, तर दाजींना काय कळणार होतं? पण मी दाजींचं वाक्य शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. क्रियापद चुकलं नाही, काळ चुकला नाही. मॅट्रिकला नापास झालेला मी त्या दिवशी पास झालो. त्याची लाज मला आजही वाटते आणि हे मी काही ऐटीत सांगत नाही.

संध्याकाळच्या आत चन्नवीरअण्णाला धरून नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. अक्कानं दाजींच्या ताटात भाकरी टाकली आणि उभ्यानंच म्हणाली, "तो पटका चन्नवीरअण्णाकडं न्हवता. गिरिजानं आपल्याला परत केलाता. मी संगाला दिला."

दाजींचा घास हातात राहिला. मी चटणीकडे बघत बसलो. शेंगाच्या चटणीत इतकं बघण्यासारखं काही नसतं.

"आहेराचं बायकांचं असतंय," दाजी म्हणाले. "सरकार त्यात पडत न्हाय."

"सरकार न्हाय, तुमी पडा. उद्या जाऊन सांगा, चुकलो म्हणून."

"चुकलो म्हणू? मी? कापडात?" दाजींना खरोखर राग आला होता. "आनि मग साहेब इच्यारंल, कुनाचा ह्यो पटका? काय सांगू? भावाचं नाव सांगू तुज्या?"

अक्का माझ्याकडे वळली. मी बोलावं म्हणून ती थांबली. एवढीच संधी होती आणि ती दोन घास खाण्याइतका वेळ टिकली. मग दाजींनीच विचारलं, "संगाप्पा, झेंडा लागला त्या दुपारी तू कुटं व्हतास?"

"दुकानात," मी म्हणालो.

"बघ. दुकानात व्हता," दाजी अक्काला म्हणाले आणि जेवू लागले. जूनच्या यादीतलं नाव आणि बायकोचा भाऊ, दोन्ही एका घासात राखले. दाजी वाईट माणूस होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्यांनी मला वाचवलं. चांगले होते म्हणायलाही रेटत नाही.

लष्करी कोर्टात खटला पाऊण तास चालला. दाजींनी साक्ष दिली, मी भाषांतर केलं. मग साहेबानं पटका वर धरला आणि चन्नवीरअण्णाला विचारायला मला सांगितलं. मी विचारलं, "हा पटका तुमचा का?"

अण्णानं पटक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या डोक्यावर दाजींच्या दुकानातली काळी टोपी होती. पाडव्याला मी तोच पटका बांधून त्याच्या पाया पडायला गेलो होतो आणि त्यानं "बायकूनं दिलेला माल फिरून आला की" म्हणून माझी थट्टा केली होती. त्याला सगळं ठाऊक होतं. नुसतं 'आहेर दिला, त्यांच्या घरी दिला' एवढं म्हणायचं होतं. माझ्या गळ्याला फास लागला असता आणि अण्णा घरी गेला असता.

"माजाच," तो म्हणाला.

"तुम्ही चावडीवर चढलात?"

"चढलो."

साहेबानं विचारलं, आणखी काही सांगायचंय का. तेव्हा अण्णा मला कानडीत म्हणाला, "गुडघ्याचं साहेबाला सांगू नकोस, तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी साहेबाला सांगितलं की आरोपीला काही सांगायचं नाही. दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

जूनच्या यादीत दाजी रावसाहेब झाले. दुकानाच्या पाटीवर सोनेरी अक्षरात 'रावसाहेब' लिहायला पेंटर बोलावला, तो आला नाही. दुसरा बोलावला, त्याची शिडी मोडली होती. त्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या सगळ्या पेंटरांच्या शिड्या मोडल्या होत्या. शेवटी मीच शिडीवर चढून लिहिलं. चढायची सवय होतीच.

मार्शल लॉ उठला, साहेब बदलून गेला आणि बाकडं कुणी उचलून नेलं कोण जाणे. नव्या साहेबाला दाजी भेटायला गेले, तर चपराशानं चिठ्ठी मागितली. गावानं मात्र त्यांना काही केलं नाही. दगड मारला नाही, शिवी दिली नाही. फक्त त्यांच्या घरी आहेर येणं बंद झालं. लग्नाला बोलावत, पाट देत, जेवू घालत, पण दाजींनी नेलेला आहेर दुसऱ्या दिवशी घडी न मोडता परत येई, "आमी आहेर घेत न्हाय" असा निरोप घेऊन. कापडवाल्याचं कापड परत येणं म्हणजे काय, हे कापडवाल्यालाच कळतं. अक्काची ट्रंक भरून वाहू लागली.

चन्नवीरअण्णाची म्हातारी आई, अक्कम्मा, त्याच्या शिक्षेच्या दुसऱ्या वर्षी गेली. अण्णा तुरुंगात खडी फोडत होता. अंत्यविधीला पोराच्या जागी पुतण्या उभा राहिला. मी गर्दीत मागं होतो आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. बत्तीस साली अण्णा सुटला तो काठी टेकत. सुटताना तुरुंगवाल्यांनी त्याचं सामान त्याला परत दिलं. धोतर, सदरा, चपला आणि तो पटका. सरकारी दप्तरात पटका चन्नवीरचा होता, मग सरकार तो दुसऱ्या कुणाला कसा देणार?

पेठेत त्याची मिरवणूक निघाली. पोरं विचारत, "अण्णा, त्या गुडघ्यानं वर कसं चढला ओ?" तो ग्रामदैवताचं नाव घेई, "सिद्धरामानं चढवलं." मग सगळे हसत आणि तोही हसे. त्याला ते आवडत होतं, हे मी पाहिलं आहे. माझ्या पापाला तेवढाच एक दिलासा होता आणि मी तो वर्षानुवर्षं चघळत बसलो. तो रस्त्यात भेटला की "बरं हाय का, तम्मा?" एवढंच विचारी. पटक्याचा विषय त्यानं कधी काढला नाही आणि मी तर काढणारच नव्हतो.

सदतीस साली काँग्रेसचे मंत्री झाले. रावसाहेबांनी आठवड्याच्या आत पांढऱ्या टोप्यांचा गठ्ठा मागवला. काळ्या टोप्या माळ्यावर गेल्या. मला म्हणाले, "संगाप्पा, पाटीवरचं ते 'रावसाहेब' जरा पुसून टाक की." मी पुन्हा शिडी लावली आणि वर पांढरा हात मारला. पण सोनेरी रंग चांगला होता, तो पांढऱ्याखालून दिसतच राहिला. एके दिवशी पांढरी टोपी घालून दाजी आरशासमोर उभे होते. मला पाहताच म्हणाले, "बसत न्हाय बरोबर." नंतरच्या थंडीत छातीचं दुखणं होऊन ते गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. कोणी अंथरुणाशी आलं की त्याच्या धोतराचा काठ चाचपत आणि चुकीचं नाव घेत.

दाजींना मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे दुखवट्याला सोयरे येतात आणि ज्याच्या अंगावर घराचा भार पडतो त्याच्या डोक्याला पटका बांधतात. तो माणूस मी. लोक आले, दोन शब्द बोलले, चहा प्यायले, पण पटका कुणी आणला नाही. अक्का आतल्या दाराशी बसली होती. माझं डोकं उघडं होतं आणि ते तसंच राहणार, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात पायरीवर काठी वाजली. चन्नवीरअण्णा. "हर हर" म्हणत तो पायरीवर टेकला, उठला आणि आत आला. काखेत कागदाचा पुडा. सगळी बैठक बघत राहिली. ज्याला दाजींनी तुरुंगात घातलं, तो दाजींच्या दुखवट्याला आला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "माणूस असावा तर असा."

त्यानं पुडा सोडला. मोतिया रंग, डाळिंबी काठ, वीतभर तुटलेली हिरवी रेघ. अण्णानं तो माझ्या डोक्याला बांधला. सावकाश, एकेक पेच घट्ट ओढत. मग दोन पावलं मागे सरून बघितलं.

"बसला की बरोबर," तो म्हणाला.

"अण्णा, ह्यो त्योच का ओ? चावडीवरचा?" बैठकीत बसलेल्या शेजारच्या बाळासोनं विचारलं.

"व्हय. त्योच."

"आता तरी सांगा की. त्या गुडघ्यानं वर कसं चढला?"

लोक हसायच्या तयारीत होते, कारण उत्तर सगळ्यांना पाठ होतं. पण अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे. मी पाडव्याला पाया पडायला गेलो होतो तेव्हा बघितलं होतं, तसंच. आतल्या दाराशी अक्कानं मान वर केली. दाजी मेले होते. यादी नव्हती, साहेब नव्हता. राज्य पांढऱ्या टोपीवाल्यांचं होतं. खरं सांगितलं असतं तर उलट माझा सत्कार झाला असता. फक्त आठ वर्षं मी गप्प का बसलो, हे मात्र कुणीतरी विचारलं असतं.

"अण्णा," मी म्हणालो, "चहा घेणार न्हवं?"

तो बाळासोकडे वळून म्हणाला, "सिद्धरामानं चढवलं." सगळे हसले. अण्णानं बशीत ओतून चहा घेतला, अक्काला लांबूनच "शरणार्थ" केलं आणि काठी टेकत पायऱ्या उतरून गेला. उतरायला त्याला बराच वेळ लागला. मी हात द्यायला उठलो नाही.

बैठक पांगल्यावर अक्का बाहेर आली. तिनं माझ्या डोक्यावरचा पटका काढला. पेच सोडले, गुडघ्यावर ठेवून हातानं सुरकुत्या मोडल्या आणि दुकानातल्यासारखी नीट घडी घातली.

"राहू दे की, अक्का," मी म्हणालो. "माझाच आहे तो."

"तुजा?" तिनं विचारलं आणि घडी ट्रंकेत टाकली. "फिरंल परत. कुनालातरी बसंल."